वरातीतली पुढची सीट

बाबा, काल आईला गाड्या बघायला नेलं होतं. इथे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला समुद्राकाठच्या मैदानात जुन्या अमेरिकन गाड्या मांडल्या होत्या. सगळ्या उघड्या टपाच्या, मागे माशासारखे पर असलेल्या, एकेकीत आमचं किचन लाँड्रीसकट मावेल एवढ्या लांब. खरं तर कांदेपोह्यांचाच कार्यक्रम. गाडी बॉनेट उघडून उभी, आणि भोवती पोट सुटलेले काका हात मागे बांधून वय विचारतात, रंग मूळचाच का म्हणतात, मग ‘कळवतो’ असा चेहरा करून पुढच्या गाडीकडे सरकतात. तुम्ही असता तर प्रत्येकीला जागच्या जागी होकार देऊन मोकळे झाला असता.

एक आकाशी होती. आई तिच्यापाशी थांबली आणि मला पुढचं सगळं कळलं, कारण तुमच्या वरातीची गाडी हा आपल्या घरातला सगळ्यात जुना खटला. सांगलीच्या बँडवाल्याकडून तुम्ही हौसेनं आणलेली तीही असलीच, आकाशी. तुम्ही अदबीनं मागचं दार उघडलंत, नवरीला बसवलंत, शेजारी करवली म्हणून आत्याला बसवलंत आणि स्वतः पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसलात. वरातीच्या एकुलत्या एका फोटोत आई मान खाली घालून बसली आहे, आत्या हसते आहे आणि नवरदेव स्पीडोमीटर वाचतो आहे. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला आई शिरा ढवळता ढवळता सुरू करते, "माझं लग्न यांच्याशी लागलं, वरात मात्र नणंदेबरोबर निघाली." तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणता, "अगं, गाडी तासाभराची होती, तू जन्माची होतीस." "मग जन्मभर कुठे बसवलंत? स्कूटरवरही मागेच!" यावर तुम्ही शिरा मागून घ्यायचात.

तुम्ही गेलात आणि खटला बंद पडला. हल्ली उन्हाळ्यात ती माझ्याकडे येते, तेव्हा तुमच्या लग्नाचा वाढदिवस इथेच उजाडतो. या वर्षीही शिरा झाला. मी मुद्दाम गाडीचा विषय काढला तर म्हणाली, "जाऊ दे गं आता. कुणाशी भांडू?" मला ते आवडलं नाही. माझी आई समजूतदार झालेली मला चालणार नाही. तुमच्यातलं चालू असलेलं तेवढंच एक उरलं होतं. म्हणून काल तिला नेलं. हौस वगैरे माझी अजिबात नाही.

गाडीचा मालक पोलाद कारखान्यातून रिटायर झालेला, लाल गालांचा म्हातारा. आईला गाडी निरखताना बघून म्हणाला, "हॉप इन, लव्ह!" मी त्याला सांगितलं की हिला पुढे बसायचंय, फार वर्षांचं राहिलंय. आईनं चपला काढून गवतावर जोडीनं ठेवल्या, सवयीनं डाव्या बाजूनं गेली, दार उघडून बसली आणि दचकली. समोर स्टीअरिंग! अमेरिकन गाडीत ते डावीकडे असतं, हे आम्हा दोघींच्या लक्षातच आलं नव्हतं. "अगं बाई, ही तर ड्रायव्हरची जागा!" ती उठायला लागली, तर मालक म्हणाला, "नो वरीज, स्टे देअर," आणि चहा आणायला निघून गेला. मी मागे बसले.

आईनं पदर खोचला, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. पुढे लांबच लांब आकाशी बॉनेट आणि त्याच्या टोकाला सरळ समुद्र. मग मागे न वळता म्हणाली, "इथून केवढं दिसतं गं."

"हं."

"मीसुद्धा पुढेच बसले असते."

लगेच दरडावून, "यांना सांगू नकोस हं. डोक्यावर चढून बसतील."

मी हो म्हटलं. म्हणून हे पत्र कुठे जाणार नाही. तसाही तुमचा पत्ता कुणाकडे नाही, त्यामुळे माझा शब्द मोडला असं कुणी म्हणू शकत नाही. एवढंच कबूल करते की त्या लांबरुंद मागच्या सीटवर मी एका कडेला सरकून बसले होते. म्हटलं, एकदा तरी तुम्हाला मागे बसवावं.