रांगेत हिराची जागा

९ जानेवारी
पत्र आलं. मंजूर. तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा.
गणपतीनंतर वाचनालयाच्या छपरासाठी अर्ज करायला मुरबाडच्या सेवा केंद्रात गेलो होतो. तिथल्या बाई म्हणाल्या, छपराची योजना नाही, उपक्रमांची आहे, विषय निवडा. व्यसनमुक्तीला गर्दी, स्वच्छतेला गर्दी. मी म्हटलं, ज्या रांगेत कोणी नाही तिथं आमचा नंबर लावा. तीस वर्षं कल्याण-मुरबाड जीप चालवली, ही स्टँडवरची सवय. त्यांनी विषय वाचूनही दाखवला असेल. माझं लक्ष बाहेर कोण कुठं गाडी लावतो त्याच्याकडे.
विषय असा: समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांविषयी गावात असलेला द्वेष आणि भीती कमी करणे. तीन सभा, एक जाहीर कार्यक्रम.
बायकोला, मंदाला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आनि छपराचं?"

१० जानेवारी
सकाळपासून तेच डोक्यात. सरकारनं बंधाऱ्याला पैसे दिलेले पाहिले, संडासाला पाहिले, कोंबडीच्या पिल्लांना पाहिले. माणसानं माणसाला हिडीसफिडीस करू नये म्हणून सरकार पैसे देतं हे या जन्मी पहिल्यांदा पाहिलं. कुठल्या तरी खुर्चीवरच्या माणसाला हे सुचलं. त्यानं फाईल केली. ती कोणी फेकली नाही. टेबलामागून टेबल करत आमच्या गळक्या वाचनालयापर्यंत आली. नवल वाटतं. हसू येत होतं ते दुपारपर्यंत गेलं.

१४ जानेवारी
संक्रांत. वाचनालयाच्या मंडळाची बैठक आमच्याच ओटीवर. आठ जण, सगळे फिदीफिदी. "नाना, ह्ये कुठलं लफडं आनलंस?" ठराव जवळजवळ झालाच होता की पैसे परत करावेत, गावात तोंड दाखवायचंय.
मग मी अट क्र. ४ वाचली. समितीत त्या समाजातली एक व्यक्ती हवी, सह्या तिच्याही लागतील. प्रत्येकाच्या डोक्यात एकच नाव, काढायचं कोणी?
मंदा तिळगूळ घेऊन आली होती. ताट ठेवता ठेवता म्हणाली, "हिरा हाय की."
झालं. पैसे परत करायचा विषय तिथंच बुडाला. कसा ते मला अजून कळलेलं नाही.

१५ जानेवारी
कोणाला न सांगितलेलं इथं लिहितो.
हिरा म्हणजे हेदाच्या वाडीच्या सोमीबाईचं पोर. आमच्या गावापासून वर दोन कोस. जन्मली मुलगा म्हणून. बोहाड्यात, म्हणजे आमच्याकडच्या मुखवट्यांच्या जत्रेत, देवीचा मुखवटा घालून नाचायची तेव्हा शहापूरकडची माणसं मुद्दाम बघायला यायची. संबळ वाजायला लागली की अंगावर काटा. अकरा वर्षांपूर्वी साडी नेसून बाजाराला आली, म्हणाली, आता अशीच राहणार. वाडीच्या पंचांनी बाहेर काढलं. बोहाड्याचे चार दिवस देवी चालते, बाकीच्या दिवसांत बाई चालत नाही.
त्या संध्याकाळी ती कल्याणला जायला माझ्या जीपमध्ये बसली. मधल्या सीटवरचे दोघे म्हणाले, हिच्या शेजारी बसणार नाही. गाडी भरलेली होती. मी हिशोब केला, दोन उतरण्यापेक्षा एक उतरलेली बरी. टोकावड्याच्या अलीकडं उतरवली. म्हटलं, मागून दुसरी गाडी येतेय. मागून गाडी नव्हती. मला माहीत होतं.

२ फेब्रुवारी
कल्याण. सोमीबाईकडून पत्ता घेतला. तिच्याकडं तो कागदावर नव्हता, तोंडपाठ होता. तिला वाचता येत नाही.
गल्लीत फॉल-पिकोचं दुकान. दुकान कसलं, जिन्याखालची जागा आणि एक मशीन. हिरा मान वर न करता म्हणाली, "बसा नाना. जीप विकली का?"
ओळखलं म्हणजे. मी "हो, गुडघे गेले" म्हटलं आणि लगेच पत्र पुढं केलं. तोंडाशी आलेलं दुसरं वाक्य गिळलं. भित्रा माणूस आहे मी.
तिनं पत्र सावकाश वाचलं, मशीनवर ठेवलं, त्यावरून हात फिरवला. "ह्ये सरकारचं हाय? खरं?" शिक्का दोनदा बघितला.
मग म्हणाली, "सही करीन. पन सही करून सांच्या गाडीनं परत जानारी मी नाय. आयचे डोळे गेलेत. मला तिच्याजवळ रहायचंय, कायमचं. तुमी पंचांना ईचारा."
मी चहा न पिता निघालो. तीन सभा घेणं सोपं वाटलं होतं.

१६ फेब्रुवारी
पहिली सभा, हेदाची वाडी, शाळेपुढच्या आंब्याखाली. राहण्याचं विचारलं, पंचांनी सभेपुरतीच परवानगी दिली. भगत म्हणाला, "सरकारचं काम हाय म्हनून." भगत हा वाडीतला शेवटचा शब्द. बोहाड्याचे मुखवटेही त्याच्याच घरी.
अर्धी माणसं सौर कंदील मिळतील म्हणून आलेली. बॅनर वाचून दोघे उठून गेले. मी भाषण पाठ केलं होतं, दुसऱ्या वाक्याला विसरलो. हिरा उभी राहिली, म्हणाली, "ईचारा काय ईचारायचं ते."
मला वाटलं, आता अब्रू जाणार. आणि म्हाताऱ्यांनी काय विचारावं? आजारी पडल्यावर तुला पेज कोण करून देतं? दिवाळीला कोणाकडं जातेस? भाडं किती? भगताची बायको ठकीबाई, जिला हिराचं नाव काढलेलं खपत नाही, तिनं लांबूनच विचारलं, "पान्याला कोनच्या रांगेत उभी ऱ्हातीस गो तिकडं?"
"बायांच्या."
"आनि बाया काय बोलत नाय?"
"पयलं बोलायच्या. आता हंडा उचलून देतात."
तासभर ही बाई एकटी उभी राहून उत्तरं देत होती, एकदाही आवाज चढला नाही. मी तीस वर्षं पॅसेंजरशी भांडलो. मला जमलं नसतं.
रात्रीपुरती आईकडं राहतेय. सकाळी जाईल.

९ मार्च
आज फार मोठी गोष्ट. भगतानं स्वतः बोलावलं. म्हणाला, अकरा वर्षं देवी नीट उभी राहत नाही. जावई नाचतो, पण पावलं पडत नाहीत, माणसं चहा प्यायला उठतात. "हिराला सांग, मुखवटा घे. घेतलास तर ऱ्हा आयजवळ, कोन काय बोलनार नाय. मी बगतो."
मी जवळजवळ धावतच खाली आलो, असले गुडघे असताना. जिल्ह्याच्या ऑफिसातल्या मॅडमना फोन करून सांगितलं, आमचा जाहीर कार्यक्रम ठरला, बोहाडा. त्या खूश. मंडळ खूश. मी तर काय.
मंदा एवढंच म्हणाली, "तिला ईचारलंस का?"

१२ मार्च
नाही म्हणाली.
फोनवरच. मी दोनदा विचारलं. "नाना, बोहाड्यात बाया नाचतात का?" नाहीत. बाप्येच देवी होतात, बायकांनी फक्त पहाटे ओवाळायचं, पिढ्यान्‌पिढ्या तसंच. "मंग मुखवटा घेतला का मी बाप्या झाले. चार दिवसांची देवी आनि वर्सभराचा बाप्या. त्याच्यापायीच तर गेले होते."
मला हे सुचलं कसं नाही? सभा घेणारा मी, पत्र पाठ असलेला मी. तिला घर देतो म्हणून तिच्याकडून तिचं बाईपणच मागत होतो, आणि आनंदानं.
वाडीला राग आलाय. देवीला नाही म्हणते म्हणजे काय. पंच म्हणतात, दुसरी सभा आमच्याकडं नको. सोमीबाई दार लावून बसली आहे.

२५ मार्च
दुसरी सभा आमच्या गावात, वाचनालयात. वाडीवरून कोणी नाही. ठकीबाई आली होती म्हणे, बाहेर पायरीवर बसून ऐकून गेली. मला दिसली नाही, मंदानं सांगितलं.

३० मार्च
चार दिवसांपूर्वी हिरा न बोलावता आली. तडक भगताच्या अंगणात. मी मागं, धापा टाकत. म्हणाली, "मुखवटा मी घेनार नाय. पावलं मात्र देवीची हायत, माझी नाय. ती मी शिकवीन तुमच्या जावयाला. डोक्यावर त्याच्या ऱ्हाऊ दे."
भगत बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग जावयाला हाक मारली.
रोज दुपारी शिकवते. जावई तिच्याहून वीतभर उंच, भातसानगरला धरणावर कामाला, पाळी बदलून घेऊन येतो. ही पदर खोचून पुढं, तो मागं. "टाच नको, पंजा. देवी चिखलात चालत नाय रे." पोरं हसायची पहिल्या दिवशी. तिसऱ्या दिवशी पोरंही पावलं टाकत होती. राहते आईकडं, पंचांनी बोहाड्यापर्यंत डोळे मिटलेत.
तिसरी सभा आपोआप झाली. त्या अंगणात रोज तीस-चाळीस माणसं बसतात. मॅडमना विचारलं, ही सभा धरता येईल का? म्हणाल्या, हीच धरा.

१९ एप्रिल
आजच लिहितो.
पहाटे देवी निघाली. संबळ, पिपाणी. काय पावलं पडली. चहाच्या चुलीवरचा माणूस पातेलं सोडून आला. भगताचे डोळे भरले होते, धुरानं म्हणाला. जावई नाचत होता, पण ज्यांना ठाऊक होतं त्या सगळ्यांना ती पावलं कोणाची ते दिसत होतं.
मग ओवाळणं. वाडीच्या बायका रांगेनं उभ्या, हातात ताटं. देवी एकेकीपुढं थांबते, वाकते, ती ओवाळते, देवी पुढं सरकते. जिच्यापुढं देवी थांबली ती वाडीची, असा रिवाज.
सोमीबाईच्या घरातून हिरा निघाली. हिरवी साडी, हातात ताट, दुसऱ्या हातानं आईला धरलेलं. मैदान ओलांडलं. रांगेच्या टोकाशी येऊन उभी राहिली. टोकाला जागा नव्हती, बाजूला दगडी बांध. ती बांधाच्या अलीकडं, रांगेच्या बाहेर. निरांजन हलत होतं, हात नव्हता हलत.
भगतानं मान फिरवली. पंच एकमेकांकडं बघायला लागले. मी मनात म्हटलं, संपलं.
रांगेच्या मधोमध ठकीबाई. समोरच बघत, कोणाकडं न बघता म्हणाली, "सरका गो."
बस, एवढंच. आणि रांग सरकली. एक बाई अर्धं पाऊल, दुसरी अर्धं, वीस-बावीस बायका, ताटं सांभाळत, एकीचीही ज्योत न विझवता. टोकाशी दोन माणसांची जागा झाली. आई आणि ती उभ्या राहिल्या.
देवी येत गेली. हिरापुढं थांबली. वाकली ती जरा जास्तच वाकली. तिनं ओवाळलं. सोमीबाईला दिसत नाही, तिनं हातानं चाचपून मुखवट्याला हात लावला आणि मग लेकीच्या तोंडाला.
एकसष्ट वर्षांचा झालो. देवळं पाहिली, डोंगर पाहिले, धरण भरलेलं पाहिलं. असं काही पाहिलं नव्हतं. रडलो. लाज वाटली नाही.
फोटो काढायचा राहिला. अहवालाला फोटो लागतो.

२० एप्रिल
मॅडमना फोन. फोटो नाही म्हटलं. काय झालं ते सांगितलं. मग म्हणाल्या, "जसं सांगितलंत तसंच लिहून पाठवा." पुढच्या वर्षीचं माहीत नाही म्हणाल्या, योजना राहील न राहील.
वर पंचांचं ठरत नाही. दोन तट पडलेत. एक म्हणतो, देवी थांबली, आता आपण कोण? दुसरा म्हणतो, ओवाळण्यापुरतं ठीक, कायमचं राहणं निराळं. परवा संध्याकाळी बसणार आहेत. भगत कोणत्या तटात ते कळत नाही. ठकीबाई त्याच्याशी बोलत नाही म्हणे, भाकरी वाढते आणि उठते.

२१ एप्रिल
सांगून टाकलं. वर गेलो होतो, ती आईच्या केसांना तेल लावत होती. म्हटलं, हिरा, त्या दिवशी मागून गाडी नव्हती.
"मला म्हाईत हाय."
मग म्हणाली, "चालत गेले टोकावड्यापर्यंत. तुमी भाडं परत दिलंत, नाना. दुसरे ते पन देत नव्हते."
माफ केलं असं नाही म्हणाली. तेल लावत राहिली. मीही मागितली नाही, तोंड नव्हतं. एवढ्याशा गोष्टीची आठवण तिनं माझ्या बाजूनं जपून ठेवली होती, अकरा वर्षं. कुठल्या मातीचं माणूस आहे हे.
निघताना म्हणाली, परवा सकाळी कल्याणला जायचंय, गाडी बघाल का.

२२ एप्रिल
पंच आत्ता बसलेत वर. इथून वाडीचे दिवे दिसतात, आवाज येत नाही. मंदा तीनदा अंगणात जाऊन आली.
शेजारच्या गण्याकडून जीप मागून घेतली, उद्यापुरती. ब्रेक बघितले, हवा भरली. मागच्या सीटा काढून ठेवल्या. शिलाई मशीन आणायचं ठरलं तर ते मागं उभं राहील. नाही ठरलं तर तिची पेटी जाईल, मागं बरीच जागा मोकळी राहील. दोन्हीला रस्ता तोच, टोकावड्यावरून.
मंदानं विचारलं, मी पण येऊ का. म्हटलं ये, पण मागं बसावं लागेल, गोधडी टाकून देतो. पुढची सीट हिराची. सात वाजता निघायचं.