उलथनं आणि लाल ठिपका

आई, आज रविवार आहे आणि मी मरोळला गेलो नाही. बाबा दोनदा विचारून गेले, आज मॅच नाही का रे, आणि दोन्ही वेळा मी त्यांच्या अंगावर ओरडलो. मग ते कांदा चिरायला बसले. आता आत ऑम्लेट करतायत, तुझ्याच त्या लांब दांड्याच्या उलथन्याने, आणि तव्यावर त्याची खरखर इथपर्यंत ऐकू येतेय. ती ऐकूनच मी लिहायला बसलो. तुझ्यासाठी एक निरोप आहे माझ्याकडे. पण तो असा एकदम दिला तर तुला काही कळायचं नाही, कारण मधलं काहीच तुला माहीत नाही.

तर आधी हे, की मी पिस्तूल चालवतो. घाबरू नकोस, खरं नाही. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक मोठा गाळा आहे, आधी तिथे पुठ्ठ्याची खोकी बनायची, आता तिथे क्लब आहे. गॅसवर चालणारी पिस्तुलं आणि वाटाण्याएवढ्या प्लास्टिकच्या गोळ्या, वजन मात्र अगदी खऱ्यासारखं. मी एसीच्या सर्व्हिसिंगला गेलो होतो, पाहिलं आणि तिथेच अडकलो. हो, एसीची कामं करतो. कॉलेज सेकंड इयरला सोडलं. एका सरांशी भांडलो आणि माफी मागायला गेलो नाही, एवढंच झालं होतं. तू असतीस तर कान धरून नेलं असतंस. तिथे दर रविवारी मॅच असते, पण ती एका जागी उभं राहून गोल फळ्यावर नेम धरायची नाही. आपण रस्त्यावरून चाललोय असं धरायचं. पिस्तूल कमरेला, वरून शर्ट बाहेर सोडलेला. टायमर वाजला की शर्ट बाजूला, पिस्तूल बाहेर, आणि प्लायवूडच्या भिंतीआड राहून समोरच्या पुठ्ठ्याच्या माणसांना मारायचं. त्यात एका पुठ्ठ्यावर हात वर केलेली बाई रंगवलेली असते. तिला गोळी लागली की तुमची वाट लागली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं, की अरे, ही तर आमच्या आईची नोकरी आहे.

साध्या कपड्यातली ड्युटी तुझी, कुणा ना कुणाच्या संरक्षणाची. पोरं शाळेत विचारायची, तुझी आई पोलीस तर युनिफॉर्म का नाही, आणि मी मारामारी करायचो. तुझा तो निळ्या चौकड्यांचा पुरुषी शर्ट, एक साइझ मोठा, त्याच्याखाली पिस्तूल आहे हे फक्त मला माहीत असायचं. पिस्तूल घरी कधीच यायचं नाही, ते रोज जमा व्हायचं, म्हणून घरी सरावाला उलथनं. सकाळी पोळ्या झाल्या की तू ते पुसतेस, सलवारच्या नाडीत उजवीकडे खोचतेस, वर शर्ट सोडतेस आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहतेस. हाताने शर्ट मागे झटकतेस, उलथनं वर येतं, थांबतं. परत आत. परत बाहेर. मी दात घासत दारात उभा. तुझ्या तोंडावर काहीच नसतं, जसं तू दाण्याचं कूट करतेयस. पिस्तूल अडकवायचं नवीन होल्स्टर मिळालं तेव्हा ते रिकामंच बांधून तू विळीवर बसून अख्खी भेंडी चिरलीस, मग चार मजले खाली-वर केलेस, मग मला घेऊन उगीचच रिक्षाने जोगेश्वरी स्टेशनपर्यंत जाऊन आलीस. मी विचारलं, आपण आलो कशाला? तू म्हणालीस, "बसता आलं पायजे बाबू. जे कंबरंला लावून रिक्षात बसता येत नाही, ते वेळंला कामाचं नाही." बोलताना तू मुंबईची व्हायचीस, पण हे असलं काही सांगायचं असलं की तुझं परभणी बाहेर यायचं.

आणि ती टिकल्यांची पिस्तूल आठवते? दिवाळीला घेतलेली. मी तिच्यावर रबरबँडने टॉर्च बांधला, भिंगाची काच चिकटवली, पुढे बॉलपेनची नळी लावली आणि तुला दाखवायला आलो. मला वाटलं तू खूश होशील. तू ती हातात घेऊन नीट पाहिलीस, परत दिलीस आणि म्हणालीस, शर्टाखाली खोच आणि खाली जाऊन पाव घेऊन ये, कुणाला दिसलं नाही पाहिजे. दुसऱ्या जिन्यावरच टॉर्च निसटला, पिस्तूल गेली घरंगळत आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या पायाशी थांबली. काकू म्हणाल्या, काय रे, दरोडा घालायला निघालास का? मी रडत वर आलो. तू हसली नाहीस. फक्त म्हणालीस, पाव कुठंय?

हे सगळं इतकं लांबण लावून सांगतोय कारण क्लबमध्ये मी तेच भांडण भांडलो. रेस गन म्हणून एक प्रकार असतो, आई. माझ्या टिकल्यांच्या पिस्तुलीसारखाच, फक्त परदेशी. नळीच्या पुढे सोंडेसारखा तुकडा, झटका कमी बसावा म्हणून. खाली नरसाळ्यासारखं तोंड, गोळ्यांचं मॅगझिन पटकन आत जावं म्हणून. ट्रिगर इतका हलका की नुसतं मनात आलं तरी सुटेल. आणि वर एक काच, त्या काचेत लाल ठिपका. जिथे ठिपका तिथे गोळी, नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच जुळवत बसायची गरज नाही. ती बनलीय वेगळ्या मॅचसाठी, जिथे फक्त वेळ बघतात. पण आमच्याकडे माणसं कमी यायला लागली, तर क्लबवाल्याने सांगितलं, या घेऊन, काय फरक पडतो, वरून शर्ट घाला म्हणजे झालं. शर्टाखाली कुकर लपवल्यासारखं दिसायचं. तरी तीच जिंकायची. माझ्यासारखे साधं पिस्तूल लावून येणारे खाली खाली जात राहिले, आणि मी दर रविवारी कुणाशी ना कुणाशी भांडून घरी यायचो.

मग एका रविवारी ती रेस गन घेऊन आली.

ती म्हणजे मुलुंडची एक मुलगी. घरचे मालवणकडचे, ही घाटकोपरला एका लॅबमध्ये रक्त तपासते. कॉलेजात असताना दहा मीटरवर एअर पिस्तूल मारायची. मला नावाने कधीच हाक मारली नाही तिने, "काय एसी, आज पण गरम?" असंच. मी येतो तेव्हा ती आलीय का हे मी बाहेर चपलांच्या ढिगात बघतो, तिचे पांढरे बूट असतात, डाव्याची लेस नेहमी सुटलेली. बस, एवढ्यावर समज. तू नेहमी म्हणायचीस, याच्या पोटात काही राहत नाही. राहतं, आई. हे राहिलं.

तिच्या कमरेला ते धूड बघितलं आणि माझं डोकं फिरलं. दुसरं कुणी असतं तर इतकं फिरलं नसतं. सगळ्यांसमोर म्हणालो, हे लावून रिक्षात बसून दाखव. ती म्हणाली, रिक्षात कोण बसतंय, मी मॅच मारतेय. मी म्हणालो, मग शर्ट कशाला घातलास, नाटक आहे का, खरी वेळ आली तर हे घरी कपाटात असणार. आमची आई म्हणते, जे रोज अंगावर असतं त्याच्यावरच मोजायचं. ती पट्टा काढता काढता थांबली आणि शांतपणे म्हणाली, "तुझी आई खूप काय काय म्हणते रे. एकदा भेटव ना." लोक हसले. मी बॅग उचलली आणि जिना उतरलो. पुढचे काही रविवार मी साधं पिस्तूल लावून, दात-ओठ खाऊन मारत राहिलो आणि तिच्याशी बोललो नाही. ती मात्र बोलत होती. गाळ्याच्या या टोकाकडून त्या टोकाला ओरडायची, एसी, एकदा याच्याने मार, मग बोल. मी म्हणायचो, हात लावणार नाही.

मग कळलं, तिला बंगळुरूला नोकरी लागलीय. तिनेच सांगितलं, खाली चहाच्या टपरीवर, कप हातात फिरवत. पुढचा रविवार शेवटचा. मी म्हणालो, झकास. मग आम्ही समोरचा टेम्पो रिव्हर्स होताना बघत उभे राहिलो, जणू त्यात काही बघण्यासारखं होतं. ती म्हणाली, शेवटच्या दिवशी तरी मारशील का त्याने? मी हो म्हटलं. घरी येतानाच ठरवलं, आधी ते मारायचं, मग तिला बाजूला घेऊन सांगायचं. सगळा आठवडा वाक्य जुळवत होतो. एका ऑफिसात एसीचं फिल्टर उलटं बसवून आलो.

तुझं आजारपण मी मनात आणत नाही. पण इथे आणावं लागतंय. किडनीचं सुरू झालं, औषधं सुरू झाली, आणि एका सकाळी तू आरशासमोर उभी आहेस, शर्ट झटकलास, उलथनं वर आलं आणि त्याचं टोक थांबेना. खिडकीतलं ऊन त्याच्या पात्यावर पडलेलं, तो कवडसा भिंतीवर नाचतोय. तू परत आत घातलंस. परत काढलंस. कवडसा नाचतोच आहे. मी दारात आहे हे तुला आरशात दिसलं आणि तू म्हणालीस, जा, शाळेला उशीर होतोय. त्याच आठवड्यात तू स्वतः साहेबांकडे गेलीस. बाबांना सांगताना मी ऐकलं, "म्हटलं साहेब, माझा हात हालतोय. माझ्या भरवशावर माणूस ठेवू नका." तुला आत ऑफिसात आवक-जावकच्या नोंदींचं टेबल दिलं. निळा शर्ट घडी करून ट्रंकेत तळाला गेला. उलथनं पोळपाटाशेजारी खिळ्याला, आणि नंतर ते फक्त उलथनंच राहिलं. पुढच्या वर्षी तू गेलीस. मी तेव्हा नुकताच नववीतून दहावीत गेलो होतो. मला वाटायचं, किडनीने नाही, त्या टेबलाने तू संपलीस. अजून वाटतं.

तो शर्ट मॅचला मी घालतो. खांद्यात घट्ट होतो, पण होतो.

तर शेवटचा रविवार. तिने स्वतःचा पट्टा माझ्या कमरेला बांधला, ते धूड त्यात अडकवलं, वरून तुझा शर्ट ओढून सारखा केला. म्हणाली, हा शर्ट मस्त आहे रे, कुणाचा? मी म्हटलं, घरचा. टायमर वाजला. मी झटकला तर शर्टाची कड काचेत अडकली, ती सोडवली, पिस्तूल वर आलं आणि काचेत लाल ठिपका दिसला. आई, तो हलत होता. पुठ्ठ्याच्या माणसाच्या छातीवरून खांद्यावर, तिथून त्या हात वर केलेल्या बाईच्या कानापर्यंत, आणि परत. साध्या पिस्तुलाने मी कधी असा हललो नव्हतो. मला तो भिंतीवरचा कवडसाच दिसला. मी थांबलो. टायमर चालूच. मागे कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

ती मागून आली. हळू म्हणाली, काय झालं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या आईचा हात असाच हलायचा. म्हणून तिने ड्युटी सोडली."

तिने माझ्या हाताला हात लावला नाही, नुसती बाजूला उभी राहिली. म्हणाली, "अरे वेड्या, ठिपका सगळ्यांचा हलतो. माझा पण हलतो. साध्या पिस्तुलात पण तेवढाच हलतो, फक्त दिसत नाही. तो थांबायची वाट बघायची नसते. हलत असतानाच दाबायचं."

मी दाबलं. गोळी पुठ्ठ्याच्या माणसाला लागली. मधोमध नाही, पण छातीत. मग दुसऱ्याला. त्या बाईला काही झालं नाही.

औषधांनी तुझा हात जास्त हलत असेल, मला मान्य आहे. डॉक्टर मी नाही. पण तू ज्या सकाळी पहिल्यांदा तो कवडसा पाहिलास त्या सकाळी तुला हे सांगणारं कुणी नव्हतं. तुला वाटलं, आजपर्यंत थांबत होता, आजच हलला. तो आधीपासून हलत होता, आई. त्या हलणाऱ्या हातानेच तू एवढी वर्षं लोक सांभाळलेस.

ती बूट घालताना मी समोर उभा होतो. आठवडाभर जुळवलेलं वाक्य तोंडात होतं. तिने लेस बांधली, डाव्याची पण, नीट दोन गाठी मारून. उठली आणि म्हणाली, "चल एसी. आणि काकूंना सांग हं माझा निरोप. सगळ्यांचा हलतो म्हणावं. पुढच्या वेळी आले की घरी येईन, भेटेन त्यांना." मी म्हणालो, सांगतो. रिक्षा आली, ती बसली. पट्टा, ते धूड, सगळं लावूनच बसली, मला दाखवायला. बसता आलं तिला. थोडी तिरपी बसली, पण बसली.

बाबांनी ऑम्लेट आणून ठेवलंय, गार होतंय. परवा तिचा मेसेज आला, पोचले, काकूंना सांगितलंस का? मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुला हे कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि तिला काय पाठवायचं तेही. क्लबात मी नेहमी 'आई म्हणते' असंच बोलतो, 'म्हणायची' असं एकदाही बोललो नाही. तिला वाटतं, तू घरी आहेस.