दुहेरी अक्षरांची नाणी

४ फेब्रुवारी

चि. खारूताईस मामाचे अ. उ. आ.,

अगं, लॉटरी लागली! माझ्या तिकीटखिडकीवर येणाऱ्या सुट्ट्या पैशांत हल्ली जे नाणं उचलावं ते दुहेरी अक्षरांचं, आपल्या संग्रहात मिरवावं असं. आकड्याला दुसरा आकडा चिकटलेला. टाकसाळीतला ठसा पार झिजलाय, दुसरं काय! नवी-जुनी, सगळ्या सालांची नाणी तशीच. तुझी मामी म्हणते, या नादापायी रोज डोकं दुखवून घेता. तिला काय कळतंय? पाच नाणी सोबत पाठवतोय. भिंगाखाली धर आणि मामाला मुजरा कर. लोभ आहेच, पण नाणी परत हवीत हो!

तुझा मामा

१२ फेब्रुवारी

ती. मामांना सा. न. वि. वि.,

नाणी पोचली. मामा, रागावू नका, पाचही अगदी स्वच्छ आहेत. तुम्हीच शिकवलंत ना, एखाद्याच नाण्यावर खूण असली तर तो खिशातला ओरखडा. ठशाचाच दोष असला तर त्या ठशाच्या सगळ्या नाण्यांवर, त्याच जागी. पण साल बदललं की ठसाही बदलतो. मग सगळ्या सालांत एकच दोष कसा येईल? मला भीती वाटतेय. एक डोळा मिटून बघा आणि काय दिसतं ते खरं कळवा. डोकेदुखी हसण्यावारी नेऊ नका. हात जोडते, डॉक्टरांकडे जा. लोभ असेल तर एवढं ऐका.

तुमची खारूताई

२० एप्रिल

चि. खारूताईस अ. उ. आ.,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुझा राग आला होता. म्हटलं, कालची पोर, मला शिकवते! डोळा मात्र त्याच दिवशी मिटून पाहिला. दुसरी अक्षरं गेली. उघडला, परत आली. मग डॉक्टरकडे जायला जीवच धजेना. नाणं निर्दोष निघाल्याचं दुःख कुणाला झालंय का कधी? मला झालं. खिडकीवर दोनदा सुट्टे चुकले, आता घरी बसवलंय. उद्या मामी ओढून नेणार आहे. ओळी वाकड्या गेल्या असतील, गोड मानून घे.

मामा

९ मे

चि. खारूताईस मामीचे आशीर्वाद.

हे पत्र मी लिहितेय, त्यांना आता ओळ सापडत नाही. डोळ्यांत काही नाही गं. डोक्यात गाठ आहे, तिचा डोळ्याच्या नसेवर दाब आलाय. फेब्रुवारीत आला असता तर काढता आली असती, असं डॉक्टर म्हणाले. आता हात लावायला तयार नाहीत. तर हे डॉक्टरांनाच सांगत बसले की, माझ्या भाचीने तेव्हाच ओळखलं होतं. केवढ्या अभिमानाने सांगत होते! मला तिथेच हंबरडा फोडावासा वाटला.

दिवसभर नाणी चाचपत बसतात. बोटाला उंचवटा लागला की तुला दाखवायला बाजूला ठेवतात. सकाळी चहा घेऊन गेले तर म्हणाले, दोघीजणी कशाला आलात, एक पुरे होती. मी हसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

उत्तर लिहीत बसू नकोस, तूच ये. लोभ आहेच, आता गाडीत बस. ते म्हणतात, खारूताई आली की दोन दिसतील. एक परत गेली तरी दुसरी माझ्यापाशी राहील.

तुझी मामी