डावीकडची सीट

२ नोव्हेंबर

आज गाडी आली! सेंदाईला आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या नावावर काहीतरी झालं. शेजारच्या कान्नो आजींची जुनी, छोटी, पांढरी गाडी. आजोबा गेल्यापासून दारात उभी होती. फुकट दिली. डॅशबोर्डवरचे काटे मनाला येईल तसे नाचतात, म्हणून कुणी घेत नव्हतं. डावा इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच्या तालावर उड्या मारतो. म्हणजे अर्थिंग खराब. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सुटला, पण सांगलीला ऑटो इलेक्ट्रिशियनकडे हात काळे केले आहेत. एवढं मला कळतं.

ड्रायव्हरशेजारची सीट मात्र काढून टाकलेली आहे. तिथे नुसते बोल्ट आणि टेप गुंडाळलेला पिवळा प्लग. आजींनी सुमेधाला जपानीत दोन-दोनदा बजावलं की तिने मागेच बसावं, मागे ऐसपैस आहे. सुमेधा हसून म्हणाली, पीएचडीचा एवढा तरी उपयोग झाला बघ, मॅडम मागे आणि ड्रायव्हर पुढे. मीही हसलो.

६ नोव्हेंबर

अर्थिंगचा बोल्ट पॉलिश पेपरने घासला, नवी वायर टाकली. थोडा फरक. सुमेधाची लॅब शहराबाहेर आहे, बस क्वचित. आता रोज मीच सोडतो.

सांगलीच्या मित्राला, सत्यजितला, गाडीचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर : वहिनींसाठी दार उघडून धरतोस ना? टोपी देतात का रे तिकडे? माझा व्हिसाही तिच्या व्हिसावर आहे, हे त्याला मीच कधीतरी सांगितलं होतं.

९ नोव्हेंबर

कचऱ्याच्या जागी सीट सापडली! आजींनीच मोठ्या कचऱ्यात ठेवली असणार. ‘नेता येणार नाही’ अशी चिठ्ठी चिकटवून कचरागाडीवाल्यांनी ती सोडून दिली होती. कापड स्वच्छ. दुपारी बसवली, पिवळा प्लग जोडला. सुमेधाला शेजारी घेऊन चक्कर मारली, तर सगळे काटे जागच्या जागी! ती म्हणाली, देवदत्ता, तू खरंच हुशार आहेस रे. लग्नानंतर हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं.

परत आलो तेव्हा आजी कुंपणाशी उभ्या होत्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी केला नाही.

२३ नोव्हेंबर

एक गोष्ट जुळत नाही. सुमेधा बसलेली असली तरच काटे नीट चालतात. सीट रिकामी असली की नाचतात. मी तिथे बसून पाहिलं, तरी नाचतात. तांदळाचं पोतं ठेवून पट्टा लावला, तेच. वजनाने प्लग दाबला जात असेल म्हणावं, तर तसंही नाही.

पेट्रोल भरून बरेच दिवस झाले. काटा उतरायचा सोडून चढतो आहे. सुमेधा बसल्या बसल्या झोपते.

४ डिसेंबर

तिच्या रक्ताचा रिपोर्ट वाईट आला. लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. लॅबचा जिना चढताना मध्येच थांबावं लागतं म्हणाली.

मी काल गुपचूप प्लग काढला. सकाळी गाडी सुरूच होईना. आज तिचं प्रेझेंटेशन होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फोनवर टॅक्सी बघायला लागली. मी थांब म्हटलं आणि प्लग जोडला. पहिल्या झटक्यात सुरू. असं का, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उद्या तिला कोण सोडणार होतं?

११ डिसेंबर

आजींकडे गेलो. फोनवर भाषांतर करत बोललो. आमची मुलगी तिथे बसायची, म्हणाल्या. वडील तिला रोज कॉलेजला सोडायचे. सीट काढली तोवर उशीर झाला होता.

मग मला गाडी का दिली, विचारलं. त्या म्हणाल्या, मागे बसा म्हणून सांगितलं होतं ना.

मागे. ड्रायव्हरच्या मागे.

१२ डिसेंबर

सीट काढायला घेतली, तर बोल्ट फिरेना. मोठा पाना आणायला घरात गेलो. बर्फ पडत होता, तेवढ्यात ती येऊन बसली. थंडी म्हणून. नेहमीच्या जागी. परत आलो तेव्हा — हलवलं, हाका मारल्या. पट्टा सुटेना.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी पट्टा कापला. मी मागोमाग गाडी घेऊन आलो. इथे हॉस्पिटलला पोचल्यावर लक्षात आलं. शेजारी कुणी नव्हतं, आणि काटे स्थिर होते.

१३ डिसेंबर

प्लग तोडला. बॅटरी काढून बर्फात ठेवली. पेट्रोलचा काटा पाऊणवर. खाली येत नाही.

डावीकडे बसलो. माझं घे म्हणालो. मोठ्याने. हात जोडले. काटा जरासुद्धा — इथेही माझा काही उपयोग —

वर वॉर्डात जाऊन आलो. पांढरीफटक. डॉक्टर म्हणतात, रक्तस्राव कुठेच नाही, मग रक्त जातं कुठे. एक पिशवी चढवली. संपली. तरी ओठ तसेच —

खाली आलो. काटा वर सरकलाय.

त्यांना सांगू? रक्त देऊ नका म्हणू? आणि नाही दिलं तर ती —

वॉर्डातून फोन. दुसरी पिशवी लावली म्हणतात. काटा फुलवर — फुलच्या पुढे — इंजिन आपोआप —