परमिट ज्याच्या नावावर

प्रिय बाईसाहेब,

हुद्द्याने हाक मारली की तू चिडतेस हे ठाऊक आहे, म्हणूनच मारली. तू चौकशीसाठी तिकडे मुख्यालयात अडकलीस, पण इकडे घरी सगळं ठीक. आईंचं ऑक्सिजनचं मशीन पुन्हा पूर्वीसारखं घरघरतंय, आणि आईही. आज सकाळी माझा चहा ‘रंगीत पाणी’ ठरला, म्हणजे प्रकृती सुधारली असं समज. तुझ्या आईचा आजार ओळखायला डॉक्टर लागत नाही. टोमणे थांबले की काळजी करायची.

सोमवारच्या चौकशीची बातमी तुझ्याआधी इमारतीत पोचली. वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर मला जिन्यात गाठून म्हणाला, “काय हो, वहिनींनी म्हणे शहराची वीज तासभर उगाच अडवली? स्वतःची आई घरात धापा टाकत असताना?” मी म्हटलं, “तुम्ही नाही का, दाढ सुन्न झाल्याची खात्री होईपर्यंत पक्कड लावत नाही? निदान लावू नये.” त्यानंतर तो जिन्यात दिसलेला नाही. लिफ्ट वापरतो.

मीही काही कमी अडाणी नव्हतो. इतकी वर्षं कुणी विचारलं, “बायको त्या वीज नियंत्रण केंद्रात काय करते?” की मी सांगायचो, “बटणं दाबते.” वादळाच्या दिवशी खुर्चीत बसून तू काय केलंस, हे मला तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी फोनवर सांगितलं. (तू सांगणार नाहीसच, तुझ्याकडून हकिकत काढणं म्हणजे बंद नळाखाली घागर धरणं.) पहाटेच्या वादळात तारांचे मनोरे आडवे झाले, शहर बंद पडलं. पाण्याचे पंप थांबले, रेल्वेचे सिग्नल विझले, रुग्णालयं डिझेलवर आली. तुझ्या एका कानाला अग्निशमनवाले, दुसऱ्या कानाला पाणीपुरवठा. कुणाचं डिझेल कधी संपेल, कुठला टँकर कुठे वळवायचा, मिळेल ती थोडीशी वीज आधी कोणत्या पंपाला, मग कोणत्या रुग्णालयाला, हे सगळं तू एखाद्या कीर्तनकाराच्या शांतपणाने लावत गेलीस म्हणे. आणि दुपारी मुख्य लाइन जोडून झाली, सगळ्यांनी हुश्श केलं, तेव्हा तूच हात आखडता घेतलास.

परमिटची भानगड मला तेव्हा कळली. लाइनवर माणसं चढवण्याआधी त्यांचा मुकादम आपल्या नावावर परमिट घेतो. ते परत येईपर्यंत त्या तारेत वीज सोडायची नाही. आणि परत करायचं ते ज्याने घेतलं त्यानेच, स्वतःच्या तोंडाने. आता मुकादम नदीपलीकडे, पूल पाण्याखाली, त्याचा मोबाइल मेलेला. अलीकडच्या काठावरचा त्याचा मदतनीस म्हणाला, सगळे उतरलेत. उपकेंद्राचा अधिकारी म्हणाला, मी सांगतो ना. शेवटी थेट वरून फोन आला, “मी जबाबदारी घेतो, चालू करा.” त्यावर तू म्हणालीस, “साहेब, जबाबदारी तुम्हाला घेता येईल. परमिट तुमच्या नावावर नाही.” हे ऐकून मी एकट्यानेच टाळी वाजवली. आई आतून म्हणाल्या, “डास झालेत का?”

इथली गोष्ट मी तुला अजून नीट सांगितलेली नाही. आता सांगतो, कारण तू ती दुसऱ्या कुणाकडून अर्धीमुर्धी ऐकली आहेस. मशीनची बॅटरी त्याच तासात संपली. घरातला जादाचा सिलिंडर लावला, तर त्याचा काटाही तळाकडे झुकलेला. मी तुझ्या कॉलेजच्या फायलीचा पुठ्ठा काढून वारा घालत बसलो. (फाइल विद्युतशास्त्राची होती. तिचा एवढा उपयोग परीक्षेतही झाला नसेल.) आईंचे ओठ जरा निळसर दिसले तेव्हा मात्र विनोद सुचेना. मी तुला लावायला फोन उचलला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. म्हणाल्या, “ठेवा खाली, जावईबापू. तिला कळलं तर ती घाई करेल. नाहीतर घाई करणार नाही आणि जन्मभर कुढत बसेल. दोन्ही नको.” मग थोडं थांबून, “आणि वारा जरा जोरात घाला, माशा हाकलल्यासारखं काय करताय!” थोड्या वेळाने पंखा फिरला. आईंनी डोळे मिटूनच विचारलं, “तिनेच सोडली ना?” मी हो म्हटलं. “मग सगळे उतरले असतील,” म्हणाल्या, आणि झोपल्या.

सगळे उतरलेच होते, आणि खरी अडचण तीच झाली. मुकादम रेल्वेच्या पुलावरून लांबचा वळसा घालून चालत उपकेंद्रात पोचला, परमिट परत केलं, तू त्याचे शब्द त्याला पुन्हा म्हणून दाखवलेस, वीज सोडलीस, आणि निष्पन्न काय? तर कुणीच वर नव्हतं. वर कुणी सापडलं असतं तर आज तुझा सत्कार झाला असता. नव्हतं, म्हणून चौकशी. आमच्या न्यायशास्त्रात, म्हणजे कोर्टातल्या नव्हे, संस्कृतातल्या जुन्या तर्कशास्त्रात, ‘जमिनीवर घडा नाही’ या एका गोष्टीवर पंडितांनी पिढ्यानुपिढ्या डोकी फोडली आणि शेवटी ठरवलं की अभाव हीसुद्धा एक खरीखुरी गोष्ट आहे, तिचंही ज्ञान होतं. समितीत एखादा नैयायिक घेतला असता तर काम सोपं झालं असतं. न घडलेला अपघात टेबलावर कसा ठेवणार तू?

तो मुकादम परवा घरी येऊन गेला. खुर्चीच्या कडेवर बसला, जणू तीसुद्धा मनोऱ्यावरची असावी. “माझ्यापायी बाईंना त्रास झाला,” म्हणत राहिला. मी मुद्दाम खवचटपणे म्हटलं, “पण तुम्ही सगळे खालीच होता ना?” तर म्हणाला, “होतो की. पण बाईंना ते कुठं माहीत होतं?” जाताना दारात थबकला. “आता वर चढायच्या आधी विचारून घेतो, खुर्चीत कोण आहे. बाई आहेत म्हटलं की निवांत चढतो.” शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवलं, पण मला असं प्रशस्तिपत्र कुणी दिलेलं नाही. मी त्याला दुसरा चहा दिला. त्याने तक्रार केली नाही, हे आईंना मुद्दाम सांगितलं.

आता तुझ्या कामाचं. “तुझी भाषा बरी आहे, दोन ओळींत माफी बसवून दे, सोमवारी सही करते आणि सुटते,” असं म्हणून तू माझ्याकडे मसुदा मागितलास. मी खरोखर बसलो लिहायला. या इमारतीतले निम्मे अर्ज माझ्या हातचे. न आलेल्या तापासाठीसुद्धा मी लोकांना रजा मिळवून दिली आहे. तेव्हा दोन ओळी म्हणजे काय! ‘अनवधानाने विलंब झाला’ असं लिहिलं. अनवधान? त्या दिवशी ज्या एकीचं अवधान जागेवर होतं, तिचं? खोडलं. ‘निर्णयात त्रुटी राहिली’ असं लिहिलं. मुकादम डोळ्यांसमोर आला. खोडलं. ‘भविष्यात असे होणार नाही’ हे तर लिहितानाच हात थांबला, कारण भविष्यात असंच व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. खुर्ची गेली तर घरी ये. पगार कमी पडेल, तू पुरशील. पण ही सही करून येऊ नकोस. शेवटी कागदावर फक्त ‘महोदय’ उरलं. आईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, कागद पालथा करून मागेही पाहिलं, आणि म्हणाल्या, “तेवढंही कशाला?”

तुझाच, अभिमानाने फुगलेला आणि म्हणून सध्या कुणाच्या कामाचा नसलेला,
शास्त्रीबुवा