एक कान मोकळा

प्रिय ताई,

फोनवर तू नेहमी "माझं छान चाललंय" म्हणतेस आणि ताकास तूर लागू देत नाहीस. म्हणून हे पत्र. निदान यात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

आधी माझ्या कामाचं सांगते. दोघांनी मिळून एकच गाणं ऐकावं, असे हेडफोन आम्ही करतोय. पहिल्या नमुन्यात दोन्ही कान इतके गच्च बंद केले, की चाचणीला आलेले नवरा-बायको सोफ्यावर खेटून बसले आणि डोळे मिटून दोघं दोन गावांना गेले. बायकोने मध्येच विचारलं, "अहो, आवडतंय का?" नवऱ्याला पत्ताच नाही! तिचा उतरलेला चेहरा पाहून मला आपल्या दोघींची खोली आठवली. गाणं लागलं की तुझं समालोचन सुरू, "आता बघ हं, आता चढेल आवाज," आणि वर कोपरखळी. मी चिडायचे, पण ऐकायला शिकले ती तुझ्यामुळेच.

मग आम्ही एक कान मोकळा ठेवला, गप्पांसाठी. सगळे मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला लागले, आणि मीही चढले. घरी आरशासमोर तो नमुना घातला आणि एकदम तू आठवलीस. आजारपणात तुझा डावा कान गेला. उरलेल्या एका कानात तू गाणं घेशील की माणूस? मी तो उतरवूनच ठेवला गं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "अशी माणसं असतात किती?" मी म्हटलं, "माझ्या घरात एक आहे, मला तेवढी पुरे." मी भांडले, तोंड फुगवून बसले, शेवटी त्यांनी हात टेकले. आता कान झाकणारं काहीच नाही. कानामागच्या हाडावर एक छोटी गादी टेकते आणि तिची थरथर हाडातून पलीकडच्या चांगल्या कानाला आतून पोचते. म्हणजे गाणं तुझ्या डाव्या बाजूने, आणि उजवा कान बोलायला मोकळा. गंमत म्हणजे दोन्ही कान धड असलेल्यांनाही हेच जास्त आवडलं.

तुझी लेक सांगत होती, चारचौघांत तू हल्ली नुसती हसतेस, आणि घरात गाणं म्हणून लागत नाही. तिला ओरडू नकोस. तुला वाटेल, धाकटी दया करायला निघाली. तसं नाही, ताई. तू ऐकणं सोडलंस तेव्हापासून मीही एक गाणं पुरतं ऐकलेलं नाही. दिवसभर आवाज तपासते आणि घरी येऊन गप्प बसते. हेडफोन करणाऱ्या बाईने हे कुणाला सांगावं? पत्रासोबतच्या खोक्यात जोडीतला एकच आहे, दुसरा माझ्याकडे. दुसरा जवळ असल्याशिवाय तो वाजत नाही, तशी सोयच मी करून ठेवली आहे. रविवारी येते. नाही म्हणू नकोस. मला फार एकटं वाटतं.

तुझीच, अजूनही हट्टी,
शेंडेफळ