फ्रिज गार आहे

९ मार्च १९९६, शनिवार
आरोग्य उपकेंद्रातल्या लसींच्या फ्रिजचं सोलर माझ्याच ताब्यात. आज त्यावर टीव्ही लावला. भारत-पाकिस्तान मॅच, आणि तलासरीच्या या पाड्यात दुसरी वीज आहे कुठे? ऐन रंगात, बॅटरी उतरली की वीज तोडणारा तो कंट्रोलर लाल दिवा दाखवून बंद पडला. त्याला वगळून वायर डायरेक्ट बॅटरीला जोडली. नर्स जयमालाबाई कुरकुरल्या. जिंकलो! उद्या ऊन आहेच, पितील बॅटऱ्या पोटभर.

१० मार्च
फ्रिज गप्प. बॅटऱ्या बाराच्या जागी जेमतेम नऊ व्होल्टवर. थकल्यात बिचाऱ्या. आतलं पाणीही कमी. डिस्टिल्ड वॉटर डहाणूला मिळतं, पण आज रविवार. विहिरीचं उकळून, फडक्यातून गाळून ओतलं. डिस्टिल्ड म्हणजे आणखी काय वेगळं असतं?

१२ मार्च
बॅटऱ्या तलासरीला विपुलभाईच्या गॅरेजात नेल्या. तो म्हणाला, इतकी उतरलेली बॅटरी कमी करंटवर हळूहळू भरायची, ठेवून जा. तरी उठेलच असं नाही. धंद्याच्या युक्त्या. फास्ट चार्जिंगच करून घेतलं. भातासारख्या खदखदल्या, हात लावता येईना. पण मीटरवर साडेबारा! मी इंजिनिअर व्हायला हवं होतं.

१४ मार्च
काल सेमीफायनल हरलो. टीव्ही नव्हता ते बरंच झालं.
फ्रिज दिवसा चालतो, ऊन उतरलं की बंद. म्हणजे निम्मा वेळ गार. वाईट नाही. जयमालाबाई म्हणतात, लसी फेका, नव्या मागवा. मागवल्या की प्राथमिक केंद्राचे डॉक्टर विचारणार, जुन्या कशाने गेल्या? बाटली गालाला लावून पाहिली. गारच लागली.

२० मार्च, बुधवार
गोवराची लस देण्याचा दिवस. जयमालाबाई सिरिंज भरायला तयार नाहीत. म्हणाल्या, "सर, यात आता काही उरलं नाही. नुसतं टोचणं होईल." बायका पोरं घेऊन उन्हातून चालत आलेल्या. त्यांना परत पाठवणं माणुसकीला धरून आहे का? मीच टोचलं. पाड्यातल्या म्हाताऱ्या बायजीची नात जिवली सुई बघून हसली. गुणी पोर.

२ मे
पाड्यात गोवर. उन्हाळ्यात येतोच. संकल्प: बॅटऱ्यांची देखभाल नियमित, टीव्ही कायमचा बंद. वर्ल्डकप संपलाच आहे.

९ मे
जिवली गेली.
बायजी सकाळी येऊन ओट्यावर बसली. रडली नाही. म्हणाली, "सायब, तिला सुई तं दिली होती ना?"
म्हटलं, दिली होती. ती मान हलवून निघून गेली. मी खोटं बोललो नाही. जयमालाबाई आतून ऐकत होत्या. त्या आता माझ्याशी बोलत नाहीत.
दुपारी बॅटरीला मीटर लावला. साडेबारा व्होल्ट. बॅटरीचा दोष नाही, हे इथे लिहून ठेवतो.
ऊन उतरल्यावर फ्रिज उघडून आत हात घातला. बराच वेळ तसाच ठेवला. फ्रिज कोमट होता.